उजव्या अंगाची खिडकी : बर्गन ते किर्केनेस

नॉर्वेच्या किनाऱ्याने उत्तरेकडे जाणारी 'हुर्टिग्रुटेन' ही जहाजसेवा २ जुलै १८९३ रोजी कॅप्टन रिचर्ड विथ यांच्या 'व्हेस्टरॉलेन' या आगबोटीने सुरू झाली. तेव्हा ती ट्रॉन्हेम ते हॅमरफेस्ट एवढीच होती. आज जहाजे बर्गनपासून थेट रशियाच्या सीमेजवळच्या किर्केनेसपर्यंत जातात, वाटेत ३४ बंदरे घेतात आणि २०२१ पासून हाविला ही दुसरी कंपनीही याच मार्गावर आहे. परंतु माल आणि किनाऱ्यावरची माणसे एका गावाहून दुसऱ्या गावी पोचवण्याचे मूळ काम अजून सुटलेले नाही. त्यामुळे हे जहाज खोल समुद्रात न जाता बेटांच्या आणि डोंगरांच्या मधून, घरांच्या अंगणात वाळत घातलेले कपडे दिसावेत इतक्या जवळून जाते. भूमध्य समुद्रातल्या मोठ्या क्रूझवर खिडकीतून बराच काळ केवळ पाणी दिसते आणि तेथे बिनखिडकीची केबिन घेणाऱ्याचे फारसे काही बिघडत नाही. या मार्गाचा हिशेब मात्र निराळा आहे.

यंदा जूनमध्ये मी, माझी आई आणि माझी भाची अशा तिघी या जहाजाने गेलो. भाची स्टॅव्हेंजरला तेल उद्योगात अभियंता आहे आणि सर्व आरक्षण तिनेच केले. आईचे गुडघे दुखतात. वाऱ्यात डेकवर तासन्‌तास उभे राहणे तिला शक्य नाही. तिचा निम्मा प्रवास केबिनमध्ये बसूनच होणार, हे आम्ही आधीपासून गृहीत धरले होते आणि म्हणून केबिन निवडण्यात आम्ही जितका वेळ घालवला तितका विमानाच्या तिकिटांतही घालवला नाही.

पहिला प्रश्न बाजूचा होता. उत्तरेकडे जाताना मुख्य भूमी जहाजाच्या उजव्या हाताला राहते, डाव्या हाताला बेटे आणि त्यापलीकडे मोकळा समुद्र. दुसरा प्रश्न उंचीचा. जहाज पुढे-मागे झुलते ते साधारण मध्यभागाभोवती आणि डावी-उजवीकडे कलते ते पाण्याच्या पातळीजवळच्या अक्षाभोवती. म्हणून खालच्या डेकवर, मधल्या भागात हालचाल सर्वांत कमी जाणवते, तर वर आणि पुढच्या टोकाला दृश्य मोठे आणि झोकेही मोठे. तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित : खिडकीबाहेर नेमके काय आहे? काही केबिनच्या खिडक्यांसमोर लाइफबोटी टांगलेल्या असतात, काही खिडक्या प्रवाशांच्या फिरण्याच्या डेकवर उघड्या पडतात. जहाजाचा डेक-नकाशा कंपनीच्या संकेतस्थळावर मिळतो, तो समोर ठेवून केबिनचा क्रमांक पाहिल्याशिवाय 'खिडकी असलेली केबिन' या तीन शब्दांवर पैसे भरू नयेत. स्वस्त भाड्यात केबिनचा क्रमांक कंपनी ठरवते; बाजू आणि जागा स्वतः निवडायची असेल तर थोडे अधिक द्यावे लागतात. ते अधिकचे पैसे द्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

आम्ही तिसऱ्या डेकवरची, मध्यभागाजवळची, उजव्या अंगाची केबिन घेतली. भाचीने स्वतःसाठी आतली, बिनखिडकीची घेतली.

पहिला दिवस : बर्गन

बर्गनमध्ये पाऊस होता आणि तेथे तो असतोच. ब्रिगेन या जुन्या व्यापारी वखारींच्या लाकडी रांगेतून, जिला १९७९ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, आम्ही सावकाश चाललो. फ्लोयबानेन या १९१८ पासून चालणाऱ्या दोरखेच रेल्वेने आईला ३२० मीटर उंचीवरच्या फ्लोयेनवर नेता आले, कारण तेथे चढण चढावी लागत नाही. वर ढगांत काही दिसेना आणि मग एकाएकी ढग फाटून सगळे बंदर खाली उघडे पडले. माशांच्या बाजारात घेतलेले मलईदार फिश सूप आईला आवडले. तिचे बालपण वसईजवळच्या किनाऱ्यावर गेले असल्याने माशांच्या बाबतीत तिची पसंती सहजासहजी मिळत नाही.

जहाज रात्री साडेआठला सुटले. केबिन लहान होती : एका भिंतीशी पलंग, समोर दिवसा सोफा होणारा दुसरा पलंग आणि दोहोंच्या मधोमध, छोट्या टेबलाच्या वर, चौकोनी खिडकी. काच जाड, पक्की बसवलेली, न उघडणारी. खिडकीची चौकट इतकी खोल होती की आईचा चष्मा, गोळ्यांची डबी आणि स्टीलचा पेला तिच्यात सहज मावत होते. पाण्याची पातळी खिडकीपासून फार खाली नव्हती. आईने सोफ्यावर दोन उश्या रचून पाठ टेकण्याची सोय केली आणि पुढचे सर्व दिवस तीच तिची जागा ठरली.

दुसरा दिवस : स्टाड, ओलेसुंड, गाइरांगर

पहाटे जहाज स्टाडच्या भूशिराला वळसा घालते. येथे बेटांचा आडोसा नाही आणि अटलांटिकच्या लाटा थेट अंगावर येतात; या भूशिरातून जहाजांसाठी बोगदा खोदण्याची योजना कित्येक वर्षे चर्चेत आहे, यावरून या टप्प्याची कीर्ती कळावी. मला जाग आली तेव्हा आई उठून बसली होती आणि पडदा बाजूला सारून बाहेर पाहत होती. दर काही क्षणांनी पाण्याची एक जाड चादर काचेवर आपटत होती, खाली ओघळत होती आणि तिच्यामागून क्षितिजाची करडी रेघ पुन्हा वर येत होती. "बाहेर बघत राहिलं की बरं वाटतं," ती म्हणाली. हे शास्त्राला धरूनच आहे. डोळ्यांना खोली स्थिर दिसते आणि कानातला तोल सांभाळणारा अवयव हालचाल नोंदवतो, या विसंगतीतून मळमळ होते. क्षितिज दिसले की दोहोंची साक्ष जुळते. त्याच वेळी भाचीने तिच्या बंद केबिनमध्ये ही हालचाल अधिक सोसली आणि अखेर ती आमच्याकडे येऊन आजीच्या पायांशी बसली.

एका खलाशाने नंतर सांगितले की हिवाळ्यातील वादळांत खालच्या डेकवरील खिडक्यांना पोलादी झाकणे लावतात आणि तेव्हा खिडकीची केबिन तेवढा काळ आतली केबिनच होते. जानेवारी-फेब्रुवारीत जाणाऱ्यांनी खालची खिडकी घेताना हे ध्यानात ठेवावे. तसेच लाटांनंतर काचेवर मिठाचा पांढरा थर वाळतो आणि तो बाहेरून असल्याने आपल्याला पुसता येत नाही. आमची खिडकी ओलेसुंडच्या धक्क्यावर एका खलाशाने लांब दांड्याच्या ब्रशने धुतली, तेव्हा आईने आतून हात हलवला आणि त्यानेही ब्रश उंचावून उत्तर दिले.

ओलेसुंड १९०४ च्या जानेवारीत आगीत जवळजवळ संपूर्ण जळाले आणि मग काही वर्षांतच दगड-विटांत, त्या काळच्या आर्ट नूव्हो शैलीत पुन्हा उभे राहिले. मनोरे आणि वळणदार कमानी असलेल्या त्या घरांकडे आम्ही धक्क्याजवळच्या बाकावरून पाहिले. अक्स्ला टेकडीच्या ४१८ पायऱ्या भाची एकटी चढून आली.

उन्हाळ्यात जहाज येथून आत वळून गाइरांगर फ्योर्डमध्ये, म्हणजे डोंगरांत खोल शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या फाट्यात जाते. 'सात बहिणी' हा धबधबा फ्योर्डच्या उत्तरेच्या कड्यावरून कोसळतो, त्यामुळे आत जाताना तो डाव्या अंगाला असतो. डाव्या बाजूच्या केबिनमधली मंडळी आता नशीबवान, असे आईला वाटले. पण जहाज त्याच वाटेने परत फिरते. परतीला सातही धारा आमच्या खिडकीतून एकामागून एक सरकत गेल्या. त्यांच्या शेजारी, कड्याच्या चिंचोळ्या पट्टीवर, माणसांनी सोडून दिलेल्या शेतघरांची छपरे होती. आई त्यांच्याकडे बराच वेळ पाहत राहिली आणि "इथे पोरं कशी वाढवली असतील!" एवढेच म्हणाली.

ज्या फ्योर्डमध्ये जहाज आत जाऊन त्याच मार्गाने बाहेर येते, तेथे बाजूची चिंता करण्याचे कारण नाही. बाजूचा प्रश्न उरतो तो एकाच दिशेने पुढे जाणाऱ्या टप्प्यांत.

तिसरा दिवस : ट्रॉन्हेम

रात्री दोन-तीन वेळा जहाज कुठे ना कुठे धक्क्याला लागले. आमचे जहाज बहुतेक बंदरांत डाव्या अंगाने लागत होते आणि मालाचे दारही त्याच बाजूला होते, त्यामुळे फोर्कलिफ्टची घरघर आमच्यापर्यंत दबून येत होती. झोप हलकी असणाऱ्यांना उजव्या अंगाचा हा आणखी एक लाभ आहे. त्याची दुसरी बाजू अशी की बंदरातली लगबग, मालाची चढउतार, कुणाला निरोप द्यायला आलेली कुटुंबे हे खिडकीतून दिसत नाही. ते पाहायला डेकवर जावे लागते. अगदी पुढच्या टोकाच्या केबिन मात्र टाळाव्यात, कारण धक्क्याला लागताना जहाज आडवे सरकवणारे पंखे तेथेच असतात आणि त्यांची थरथर पलंगापर्यंत पोचते.

ट्रॉन्हेममध्ये निदारोस कॅथीड्रल पाहिले. संत ओलाव यांच्या समाधीवर उभारलेली ही वास्तू जवळून पाहताना मान दुखावी इतकी उंच आहे. नदीकाठच्या रंगीत वखारी जुन्या पुलावरून पाहून आम्ही परतलो.

दुपारच्या जेवणात एक निवृत्त जर्मन शिक्षिका आमच्या टेबलावर होत्या. त्यांनी 'मर्यादित दृश्य' असलेली स्वस्त केबिन घेतली होती आणि आमची उत्सुकता पाहून त्या आम्हाला ती दाखवायला घेऊन गेल्या. खिडकी आमच्यापेक्षा मोठी होती, पण तिचा खालचा बहुतांश भाग लाइफबोटीच्या केशरी पोटाने व्यापलेला होता. वर आकाशाची एक पट्टी आणि बोटीच्या टोकापलीकडून किनाऱ्याचा त्रिकोणी तुकडा दिसत होता. त्यांना त्याची खंत नव्हती. त्या दिवसभर डेकवर असतात आणि केबिनमध्ये केवळ उजेड हवा, पहाट झाली की नाही ते कळावे, एवढीच त्यांची अपेक्षा होती. पैसे कमी आणि पाय धड असतील तर ही निवड अगदी योग्य आहे. आईसाठी ती निरुपयोगी ठरली असती.

चौथा दिवस : आर्क्टिक वृत्त, बोडो, लोफोतेन

सकाळी जहाज आर्क्टिक वृत्त ओलांडते. व्हिकिंगेन या खडकाळ बेटावर पृथ्वीगोलाची धातूची प्रतिकृती उभी आहे. डेकवर समुद्रदेवाच्या वेषातील माणूस प्रवाशांच्या मानेवरून आत बर्फाचे पाणी ओततो. भाचीने आणि मी ते घेतले आणि थंडीने कुडकुडत खाली आलो, तर आईने केबिनमध्ये मेतकूट-भाताची तयारी करून ठेवली होती. भात उपाहारगृहातल्या मुलीने आनंदाने दिला होता. जहाजावरचे जेवण उत्तम असते : कॉड, 'आर्क्टिक चार' नावाचा मासा, रेनडियरचे मांस, उकडलेले बटाटे आणि तांबूस रंगाचे गोडसर ब्रूनोस्ट चीज. शाकाहाऱ्यांनी आरक्षणाच्या वेळीच कळवावे. कळवल्यास सोय होते.

ओर्नेसहून बोडोला जाणारी एक वृद्धा आमच्या शेजारी येऊन बसली. ती रुग्णालयात तपासणीसाठी चालली होती. तिच्याकडे केबिन नव्हती. स्थानिक लोक काही तासांसाठी असेच बसून जातात. भाचीने दुभाष्याचे काम केले. आम्ही खिडकीसाठी जादा पैसे मोजले हे ऐकून तिला मुळीच आश्चर्य वाटले नाही. या किनाऱ्यावर जन्म काढूनही उन्हाळ्यात आपण जहाजात नेहमी काचेजवळचीच जागा धरतो, असे तिने सांगितले.

बोडो सोडल्यावर जहाज व्हेस्टफ्योर्ड ओलांडते आणि समोर लोफोतेन बेटांच्या शिखरांची भिंत उभी राहते. येथे उजव्या बाजूची निवड कमी पडते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. स्टामसुंडहून स्वोल्व्हेअरकडे जाताना बेटे डाव्या हाताला असतात आणि उजवीकडे उघडा व्हेस्टफ्योर्ड. आईला आम्ही लिफ्टने वरच्या काचेच्या सलोनमध्ये, म्हणजे सर्वांच्या बसण्याच्या दालनात नेले. स्टामसुंडच्या आसपास कॉड वाळवण्याचे लाकडी मांडव दिसले. कॉड फेब्रुवारीपासून टांगतात आणि जूनपर्यंत बहुतेक उतरवलेला असतो, त्यामुळे मांडव बरेचसे रिकामे होते; पण आईने त्यांना तत्क्षणी ओळखले. वसईकडे बोंबील वाळवायच्या वलांडी अशाच असतात, फक्त येथे मासा मोठा म्हणून लाकूडही जाड. तिने भाचीला बोंबील कसे जोडी-जोडीने अडकवतात ते हातांनी करून दाखवले आणि मग तिच्या आजीच्या, म्हणजे माझ्या पणजीच्या, आठवणी निघाल्या ज्या मी कधी ऐकल्या नव्हत्या.

मध्यरात्रीच्या सुमारास जहाज ट्रोलफ्योर्डमध्ये शिरले. त्याचे तोंड जेमतेम १०० मीटर रुंद आहे आणि सारा फ्योर्ड दोन किलोमीटरांचा. डेकवर गर्दी झाली होती. आई दमली होती, म्हणून मी तिच्याबरोबर केबिनमध्येच थांबले आणि त्याचा मला अजून आनंद वाटतो. खिडकीतून आकाश दिसत नव्हते, पाणीही जवळजवळ नाही. सगळी काच खडकाने भरली होती. ओला, काळा, मधूनमधून हिरव्या शेवाळाच्या रेघा असलेला कडा इतका हळू सरकत होता की एका भेगेत उगवलेले बर्चचे खुरटे झाड आम्ही उजवीकडच्या चौकटीपर्यंत नजरेने पोचवू शकलो. मग जहाज जागच्या जागी वळू लागले आणि खिडकीतून फ्योर्डचे आतले टोक, बर्फाची घळ आणि समोरचा कडा असे सगळे क्रमाने फिरले. खिडकी खाली असल्यामुळेच कड्याची उंची आम्हाला कळली. वरून पाहणाऱ्या भाचीने काढलेल्या छायाचित्रांत फ्योर्ड सुंदर आहे, पण तो अंगावर येत नाही.

पाचवा दिवस : ट्रॉम्सो

ट्रॉम्सोमध्ये चार तास मिळाले. पुलापलीकडचे, १९६५ मध्ये बांधलेले आर्क्टिक कॅथीड्रल पाहिले आणि एका छोट्या कॅफेत वॉफलवर ब्रूनोस्ट घालून खाल्ले. त्या दिवशी ऊन इतके लख्ख होते की लोक शर्टाच्या बाह्या दुमडून रस्त्यावर बसले होते.

या अक्षांशावर मे महिन्याच्या उत्तरार्धापासून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत सूर्य मावळत नाही. मध्यरात्री तो जवळजवळ उत्तरेला असतो आणि आपले जहाज ईशान्येकडे जात असते. म्हणजे मध्यरात्रीचा सूर्य डाव्या अंगाच्या केबिनला दिसतो, उजव्या अंगाच्या नाही. केवळ त्यासाठी जूनमध्ये जाणाऱ्या काहींनी मुद्दाम डावी बाजू घेतली होती. आम्ही तिघी स्यरवॉय या बंदरानंतर वर जाऊन तो सूर्य पाहून आलो, परंतु खाली आल्यावर खिडकीत जे दिसले ते मला त्याहून मोलाचे वाटते. तो तिरपा उजेड जहाजाच्या मागून पलीकडच्या डोंगरांवर पडला होता. बर्फ गुलाबी, खडक तांबडा, आणि पाण्याजवळच्या एकुलत्या लाल घराची खिडकी पेटल्यासारखी झळकत होती. सूर्य पाहायचा तर डावी बाजू, त्याने उजळलेली जमीन पाहायची तर उजवी. सूर्य डोळ्यांत न आल्यामुळे आम्हाला झोपही लागली. पडदे जाड असले तरी कडेने उजेड येतोच, डोळ्यांवर बांधायची पट्टी सोबत असावी. भाचीच्या बिनखिडकीच्या केबिनमध्ये मिट्ट काळोख होता आणि उत्तरेकडच्या त्या रात्रींत सर्वांत गाढ तीच झोपली.

सहावा दिवस : होनिंग्सवोग आणि नॉर्थ केप

होनिंग्सवोगहून बसने नॉर्थ केपला जाता येते : ३०७ मीटरांचा कडा, ७१ अंश १० मिनिटे उत्तर अक्षांश आणि पुढे केवळ समुद्र. वारा असा होता की बोलणे ऐकू येत नव्हते. वाटेवर रेनडियरचे कळप चरत होते. बसमधून उतरल्यावर फारसे चालावे लागत नाही, त्यामुळे आईही कड्याजवळच्या लोखंडी पृथ्वीगोलापर्यंत आली.

परतल्यावर ती थेट खिडकीशी जाऊन बसली. येथून पुढचा किनारा पूर्णतः उघडा, झाडाविना, करड्या थरांचा आहे, आणि तो सतत उजव्या हाताला राहतो. अनेक प्रवासी या भागाला रुक्ष म्हणून सलोनमध्ये वाचत बसतात. आईने मात्र त्या संध्याकाळी पुस्तक उघडले नाही. थरांच्या रेघा कुठे आडव्या, कुठे उभ्या झाल्या आहेत, कुठल्या खाचेत पक्ष्यांची वस्ती आहे, हे ती आम्हाला बोलावून दाखवत होती.

सातवा दिवस : किर्केनेस

सकाळी नऊला किर्केनेस आले आणि आमचा प्रवास तेथे संपला. तेथून आम्ही विमानाने ओस्लोला गेलो. जर्मन शिक्षिका त्याच जहाजाने परत बर्गनला जाणार होत्या. परतीचाही विचार असणाऱ्यांसाठी म्हणून लिहिते : दक्षिणेकडे येताना बाजू उलट होतात, उजव्या केबिनला समुद्र आणि डाव्या केबिनला जमीन मिळते. जी बंदरे जाताना रात्री लागतात, त्यांतली बरीचशी येताना दिवसा लागतात. बारा दिवसांची पूर्ण फेरी करणाऱ्याला त्यामुळे कोणतीही बाजू चालते आणि त्याने आपले जादा पैसे बाजूसाठी न घालवता उंची, मध्यभाग आणि खिडकीसमोरची मोकळी जागा यांसाठी ठेवावेत. एकाच दिशेने, उत्तरेकडे जाणाऱ्याने उजवी बाजूच मागावी. पायांनी अधू असलेले कुणी सोबत असेल तर आग्रहाने मागावी.